ॲड ब्लॉकर टाकला तरी जाहिराती परत का येतात? मोबाइलवरची एक्स्टेन्शन्स आणि ब्राउझर बदलण्याची भानगड

सोलापूरच्या अशोक चौकात आमचं मोबाइल रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. स्क्रीन, बॅटरी, चार्जिंग पिन ही खरी कामं. पण हल्ली यातलं काहीच बिघडलेलं नसताना लोक फोन घेऊन येतात. "ओ मालक, ते जाहिरात बंद करायचं टाकून दिलं होतं की. चार दिवस बरं चाललं. आता परत सुरू झालंय बघा." मोहोळकडचे शेतकरी बाजार समितीत कांदा उतरवला की भाव बघायला फोन उघडतात आणि भावाच्या आधी ‘तुमच्या फोनमध्ये १७ व्हायरस’ असली पाटी बघतात. पूर्व भागातल्या आजी तेलुगू भजनं लावतात, तर मध्येच लोनची जाहिरात. तक्रार सगळ्यांची सारखीच, कारण मात्र दर वेळी वेगळं निघतं.

म्हणून फोन हातात घेतला की मी आधी एकच विचारतो. जाहिरात आली तेव्हा पान कुठं उघडलेलं होतं? क्रोममध्ये, फायरफॉक्समध्ये, फेसबुकच्या आत, का नुसत्या होम स्क्रीनवर? बहुतेकांना हे सांगता येत नाही. "नेटवर" एवढंच उत्तर मिळतं. आणि घोळ तिथंच असतो. ॲड ब्लॉकर हे एक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला लावायची छोटी जोड. ती फोनला लागत नाही, एका ब्राउझरला लागते. फायरफॉक्समध्ये टाकलेल्या ब्लॉकरचा क्रोमला पत्ताही नसतो. एका खाटेला मच्छरदाणी बांधली म्हणून शेजारच्या खाटेवरच्याला डास चावायचे थांबत नाहीत.

पहिली गोष्ट क्रोमची. अँड्रॉइड फोनमध्ये आपण रोज वापरतो त्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन टाकताच येत नाही. सेटिंगमध्ये कुठं लपवलेलं नाही, फोन जुना आहे म्हणून नाही असंही नाही. कॉम्प्युटरवरच्या क्रोममध्ये येतं, फोनवर येत नाही, बस्स. तरीही लोक ‘डेस्कटॉप साइट’वर टिक करून क्रोमचं एक्स्टेन्शनचं दुकान, वेब स्टोअर, उघडतात, बटण दाबतात आणि समजतात की झालं. त्या बटणाने फार तर तुमच्या कॉम्प्युटरवरच्या क्रोममध्ये ते एक्स्टेन्शन जाईल. फोनमध्ये काही येत नाही. मग प्ले स्टोअरवर ‘ॲड ब्लॉक’ शोधलं जातं आणि डाउनलोड होतं ते एखादं ‘क्लीनर’ किंवा ‘बूस्टर’, जे स्वतःच जाहिराती दाखवायला लागतं. अशी दोन-तीन ॲप काढून टाकली की अर्ध्या फोनांचं दुखणं तिथंच संपतं.

आता ज्यात खरोखर एक्स्टेन्शन चालतं त्याकडे वळू. अँड्रॉइडवर माझी पहिली शिफारस फायरफॉक्सची, आणि तीही जरा हट्टाने. त्याच्या बाबतीत एक जुना गैरसमज अजून फिरतो. ऑगस्ट २०२० मध्ये फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने अँड्रॉइडचा फायरफॉक्स नव्याने बांधून आणला, तेव्हा जुनी बरीच ॲड-ऑन, म्हणजे एक्स्टेन्शनच, बंद पडली आणि फक्त निवडक थोडी उरली. त्या वेळी ज्यांनी ब्राउझर सोडला ते अजून सांगतात, "त्यात काही मिळत नाही ओ." डिसेंबर २०२३ मध्ये मोझिलाने ते दार पुन्हा सगळ्यांसाठी उघडलं आणि एकदम ४००हून जास्त एक्स्टेन्शन फोनवर मिळू लागली. जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन, पानं काळी करणारं डार्क रीडर, पाळत ठेवणारे ट्रॅकर अडवणारं प्रायव्हसी बॅजर, पासवर्ड जपणारं बिटवॉर्डन ही सगळी आज नेहमीच्या फायरफॉक्समध्ये चालतात. त्यासाठी नाइटली वगैरे प्रयोगाची आवृत्ती घ्यायची गरज नाही.

मायक्रोसॉफ्ट एजच्या अँड्रॉइड आवृत्तीतही आता एक्स्टेन्शनची सोय आहे, पण ठराविक यादीतूनच निवडावं लागतं. ज्यांचं ऑफिस आधीच एजवर आहे त्यांनी तेच ठेवावं. सॅमसंग फोन असेल तर सॅमसंग इंटरनेटमध्ये २०१६ पासून कंटेंट ब्लॉकर लावता येतो. मेनूत ‘ॲड-ऑन्स’मध्ये जायचं, ॲड ब्लॉकर निवडायचा, तो वेगळं ॲप म्हणून उतरतो, मग परत येऊन त्याचं बटण चालू करायचं. हे शेवटचं बटण दहातले नऊ जण विसरतात. हा ब्लॉकर यूब्लॉकएवढा ताकदीचा नाही, पण बातम्यांच्या साइटी साफ दिसायला पुरतो. वयस्कर माणसाच्या सॅमसंग फोनवर मी हाच लावून देतो, कारण त्यांना नवा ब्राउझर शिकवत बसावं लागत नाही.

किवी ब्राउझरबद्दल स्वतंत्र सांगायला हवं. क्रोमची एक्स्टेन्शन अँड्रॉइडवर चालवणारा म्हणून तो कॉलेजच्या पोरांत फार चालला. यूट्यूबवरच्या जुन्या व्हिडिओंत अजून त्याचंच नाव घेतात. पण जानेवारी २०२५ मध्ये त्याच्या निर्मात्याने काम थांबवल्याचं जाहीर केलं. आता त्याला सुरक्षेचे अपडेट येणार नाहीत. कुणाच्या तरी शेअर केलेल्या एपीके फाइलवरून, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून, तो टाकून घेणं आणि त्याच ब्राउझरमध्ये बँकेचं लॉगिन करणं, हा शहाणपणा नाही. फोनमध्ये असेल तर बुकमार्क बाजूला घ्या आणि काढून टाका. या बाबतीत मी गिऱ्हाइकाशी वाद घालतो.

फायरफॉक्समध्ये ब्लॉकर टाकायची कृती छोटी आहे. प्ले स्टोअरवरून फायरफॉक्स घ्या, तीन टिंबांच्या मेनूत ‘एक्स्टेन्शन्स’ उघडा, यादीत यूब्लॉक ओरिजिन दिसेल, अधिक चिन्ह दाबा, परवानगी द्या. फोनची भाषा मराठी ठेवली असेल तर नावं थोडी वेगळी दिसतील, जागा त्याच. नावात ‘ओरिजिन’ आहे ना, एवढं नीट बघा. रेमंड हिल यांचं मूळ काम म्हणजे यूब्लॉक ओरिजिन. ‘ओरिजिन’शिवायचं नुसतं यूब्लॉक हे वेगळ्याच लोकांचं आहे, आणि मिळत्याजुळत्या नावाची आणखीही बरीच आहेत. मोझिलाचा ‘रेकमेंडेड’ शिक्का असेल तर निश्चिंत राहायला हरकत नाही.

परवानगी मागताना ‘सर्व वेबसाइटवरील तुमचा डेटा वापरणे’ असं काहीतरी येतं आणि लोक दचकतात. दचकायलाच पाहिजे. ब्लॉकरला पान वाचल्याशिवाय जाहिरात ओळखता येत नाही, म्हणून त्याला ही परवानगी लागते. पण हीच परवानगी एखाद्या वॉलपेपरच्या किंवा कूपनच्या एक्स्टेन्शनने मागितली तर देऊ नका. कॉम्प्युटरवरच्या क्रोममध्ये ‘द ग्रेट सस्पेंडर’ नावाचं लाखो लोकांचं आवडतं एक्स्टेन्शन होतं. ते २०२० मध्ये दुसऱ्याच्या हाती गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने त्यात मालवेअर असल्याचं सांगून ते काढून टाकलं. चांगलं एक्स्टेन्शन मालक बदलला की वाईट होऊ शकतं. म्हणून फोनवर दोन, फार तर तीन ठेवा.

एवढं झालं की चार दिवस सगळं छान चालतं. आणि मग ती ‘परत सुरू झालंय’वाली तक्रार. आता एकेक जागा बघू.

सगळ्यात जास्त वेळा दोषी निघते ती होम स्क्रीनवरची गूगलची शोधपट्टी. माणूस फायरफॉक्स टाकून घेतो, त्याला डीफॉल्टही करतो, म्हणजे लिंका त्यातच उघडतील असं ठरवून देतो, पण सवयीने बोट जातं त्या पट्टीवर. ती पट्टी गूगलच्या ॲपची आहे आणि पान त्या ॲपच्याच पोटात उघडतं. डावीकडे सरकवल्यावर ज्या बातम्या येतात त्यांचंही तेच. तिथं तुमचा ब्लॉकर नसतो. गूगल ॲपच्या सेटिंगमध्ये ‘वेब पेजेस ॲपमध्ये उघडा’ अशा अर्थाचा पर्याय असतो, तो बंद करा. त्याहून सोपं म्हणजे ती पट्टी दाबून धरून होम स्क्रीनवरून काढा आणि तिथं फायरफॉक्सचं शोध विजेट ठेवा. काही फोनांत कंपनीच्या लाँचरमुळे, म्हणजे होम स्क्रीन चालवणाऱ्या ॲपमुळे, पट्टी निघतच नाही. मग निदान तिच्या खाली, अंगठा सहज पोचेल अशा जागी फायरफॉक्सचं चिन्ह आणून ठेवा. सवय मोडायला आठवडा लागतो, पण मोडते.

दुसरी जागा म्हणजे ॲपच्या आतला ब्राउझर. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर लिंक दाबली की पान त्यांच्याच आत उघडतं. वर बंद करायची फुली आणि पत्ता दिसतो, म्हणून ते क्रोमसारखं भासतं, पण ते तुमच्या ब्राउझरचं काही नाही. पान उघडल्यावर कोपऱ्यातल्या तीन टिंबांत ‘बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडा’ असा पर्याय मिळतो. फेसबुकच्या सेटिंगमध्ये लिंक कायम बाहेर उघडायचं बटणही असतं, ते ‘मीडिया’ किंवा ‘ब्राउझर’ या नावाखाली शोधा. जीमेलमध्ये सेटिंगच्या ‘जनरल’ भागात ‘ओपन वेब लिंक्स इन जीमेल’ यावरची टिक काढायची. टेलिग्राममध्येही आतला ब्राउझर बंद करता येतो. व्हॉट्सॲप मात्र या बाबतीत सरळ आहे. लिंक तुमच्या डीफॉल्ट ब्राउझरकडेच पाठवतं. म्हणजे व्हॉट्सॲपवरची लिंक क्रोममध्ये उघडत असेल, तर डीफॉल्ट बदललेला नाही किंवा बदलून परत फिरलाय.

डीफॉल्ट बदलण्याची जागा फोनच्या सेटिंगमध्ये: ‘ॲप्स’, मग ‘डीफॉल्ट ॲप्स’, मग ‘ब्राउझर’. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ती ‘ॲप्स’च्या आत आणखी एका मेनूत असते. सेटिंगच्या वरच्या शोधात ‘डीफॉल्ट’ टाइप केलं की थेट मिळते. इथं फायरफॉक्स निवडा. नंतर ते आपोआप क्रोमवर गेलं असं वाटलं, तर आठवून बघा की मध्ये फायरफॉक्स काढून परत टाकला होता का, किंवा फोन रीसेट केला होता का. डीफॉल्ट ॲप फोनमधून गेलं की फोन दुसरं निवडतो आणि ते ॲप परत आलं तरी आपण होऊन बदलत नाही. शिवाय फोनसोबत आलेले काही ब्राउझर उघडल्या उघडल्या ‘मला डीफॉल्ट करा’ म्हणून मोठं निळं बटण दाखवतात. घरातली लहान पोरं ते दाबतात. नवी पेठेतून नवा फोन घेतलेले कितीतरी लोक मला विचारतात की हा ब्राउझर कुठून आला. तो आधीपासूनच होता. काढता येत नसेल तर ‘डिसेबल’ करा.

यूट्यूबचं वेगळंच. लोक म्हणतात, ब्लॉकर टाकला तरी यूट्यूबवर जाहिरात येतेच. बघावं तर यूट्यूबचं ॲप उघडलेलं. ॲपमध्ये कुठलंही एक्स्टेन्शन शिरू शकत नाही. फायरफॉक्समध्ये यूट्यूबची साइट उघडली तरच ब्लॉकर चालतो, आणि तिथंही लिंक दाबली की फोन उडी मारून ॲप उघडतो. त्यासाठी फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये ‘ओपन लिंक्स इन ॲप्स’ हा पर्याय ‘नेव्हर’वर किंवा ‘विचारा’वर ठेवा. आजींच्या भजनांसाठी मी आणखी एक गोष्ट करतो. ‘व्हिडिओ बॅकग्राउंड प्ले फिक्स’ नावाचं छोटं एक्स्टेन्शन टाकतो, म्हणजे स्क्रीन बंद केली तरी भजन चालू राहतं. मध्येच थांबलं तर फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये फायरफॉक्सला ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा. अर्थात, ज्यांना व्हिडिओ बनवणाऱ्यांचं पोट कशावर चालतं याची काळजी आहे त्यांनी आवडत्या चॅनेलवर ब्लॉकर बंद ठेवावा. मी दोन-तीन चॅनेलवर ठेवतो.

यूट्यूबच्या साइटवरही जाहिरात दिसायला लागली, तर एक्स्टेन्शन बिघडलेलं नसतं, त्याच्या जाहिराती ओळखायच्या याद्या शिळ्या झालेल्या असतात. यूब्लॉकचं पॅनल उघडून चाकाच्या चिन्हावर जा, ‘फिल्टर लिस्ट्स’ उघडा, आधी ‘पर्ज ऑल कॅशेस’ आणि मग ‘अपडेट नाऊ’ दाबा. मिनिटभर थांबा, पान नव्याने उघडा. त्या याद्यांमध्ये आणखी दहा टिका मारायचा मोह होतो. मारू नका. तीन-चार जीबी रॅमच्या फोनवर पान उघडायला वेळ लागतो आणि साइटी विनाकारण मोडतात. दोन ब्लॉकर एकत्र ठेवणं तर त्याहून वाईट, कारण ते एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि मग कुणामुळे पान मोडलं ते कळत नाही.

खाजगी टॅबमध्ये जाहिराती येतात आणि साध्या टॅबमध्ये येत नाहीत, असं असेल तर उत्तर एका ओळीचं आहे. एक्स्टेन्शनच्या पानावर ‘रन इन प्रायव्हेट ब्राउझिंग’ बंद असतं, ते चालू करा.

आता तो १७ व्हायरसवाला प्रकार. कांद्याचा भाव बघणाऱ्या काकांना कुठल्याही ब्राउझरची जाहिरात त्रास देत नव्हती, त्यांना नोटिफिकेशन त्रास देत होतं. कधीतरी एखाद्या साइटने ‘नोटिफिकेशन पाठवू का?’ विचारलं, किंवा ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करायला अलाउ दाबा’ म्हणाली, आणि अलाउ दाबलं गेलं. त्यानंतर क्रोम उघडा न उघडा, ती साइट वर पट्ट्या पाठवत राहते. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत ‘मोफत रिचार्ज’ आणि ‘लकी ड्रॉ’च्या लिंका व्हॉट्सॲपवर फिरतात, त्यातून हे सगळ्यात जास्त होतं. ब्राउझर बदलून याला काहीच फरक पडत नाही, कारण परवानगी जुन्या क्रोमकडे तशीच पडून असते. म्हणून लोकांना वाटतं की फायरफॉक्स टाकूनही उपयोग झाला नाही.

उपाय असा. ती पट्टी पुढच्या वेळी आली की तिच्यावर टिचकी मारू नका, दाबून धरा. कुठल्या ॲपकडून आणि कुठल्या साइटकडून आली ते दिसेल. मग क्रोम उघडून सेटिंग, ‘साइट सेटिंग्ज’, ‘नोटिफिकेशन्स’ इथं जा. ‘अलाउड’च्या यादीत न ओळखणाऱ्या सगळ्या साइटी ब्लॉक करा. मी तर वयस्कर माणसांच्या फोनमध्ये वरचं बटणच बंद करतो, म्हणजे पुढे कुणी विचारणारच नाही. कुठल्याही वेबसाइटला तुमच्या फोनमधले व्हायरस मोजता येत नाहीत, हे मी प्रत्येकाला सांगतो. काही जण तरीही विचारतात, "मग आकडा कसा काय बरोबर सांगितला?" त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

पट्टी नसून पूर्ण स्क्रीनभर जाहिरात येत असेल, तीही कुठलंच ॲप उघडलेलं नसताना, तर ती ब्राउझरची नव्हेच. जाहिरात दिसत असतानाच रीसेंट ॲप्सचं बटण दाबा, कुठल्या ॲपचं चिन्ह वर दिसतं ते बघा. टॉर्च, क्यूआर स्कॅनर, फोटो सजवायचं ॲप असलं काहीतरी निघतं. ते काढा. सापडत नसेल तर ‘स्पेशल ॲप ॲक्सेस’मध्ये ‘डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स’ची यादी बघा आणि ज्याला ही परवानगी असायचं कारण नाही त्याची काढून घ्या.

उलटी तक्रारही येते: ब्लॉकर टाकल्यावर फॉर्म भरता येत नाही. विद्यापीठाच्या परीक्षांचे दिवस आले की पोरं फोन घेऊन येतात. फी भरायचं बटण दाबलं की काहीच होत नाही, किंवा पैसे कापले जातात आणि पान पांढरं. पेमेंटचं पान वेगळ्या खिडकीत उघडत असतं आणि ब्राउझर ती खिडकी पॉप-अप म्हणून अडवतो, किंवा मध्ये कुठला तरी ट्रॅकर अडवला गेल्याने पुढची पायरी चालत नाही. फायरफॉक्समध्ये तीन टिंबांतून यूब्लॉक उघडा, मोठं गोल पॉवरचं बटण दाबा, पान रीलोड करा. त्या साइटपुरता ब्लॉकर बंद होतो आणि ते लक्षातही ठेवतो. तरी अडलं तर पत्त्याशेजारच्या ढालीच्या चिन्हावरून त्या साइटचं ट्रॅकिंग संरक्षण बंद करा. हे सगळं पैसे भरायच्या आधी करा. पांढऱ्या पानावर रीलोड दाबून दोनदा पैसे गेलेले लोक आमच्याकडे येतात, आणि ते काम माझ्या हातचं नाही.

म्हणूनच क्रोम काढून टाकू नका असं मी सांगतो. बऱ्याच सरकारी आणि बँकांच्या साइटी क्रोमवरच तपासलेल्या असतात. फॉर्म, पेमेंट, सातबारा असली कामं क्रोममध्ये, आणि वाचणं, बघणं, शोधणं फायरफॉक्समध्ये. दोन ब्राउझर ठेवण्यात कमीपणा काही नाही. दुसरा फायदा भाषेचा. आमच्या गल्लीत घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि नातेवाइकांत कन्नड असा कारभार असतो. क्रोममध्ये गूगलचं भाषांतर आतच आहे आणि मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही त्यात येतात. ज्यांना त्याची सवय आहे त्यांना ब्राउझर बदलल्यावर तीच सोय पहिल्यांदा आठवते. परक्या भाषेतलं पान आलं की तेवढी लिंक शेअर करून क्रोममध्ये उघडायची.

पासवर्डचं काय, हा प्रश्न ब्राउझर बदलताना हमखास येतो. क्रोममध्ये जपलेले पासवर्ड तुमच्या गूगल खात्यात असतात. फोनच्या सेटिंगमध्ये ‘ऑटोफिल’ शोधा आणि सेवा म्हणून गूगल निवडलेलं आहे ना ते बघा. तसं असेल तर फायरफॉक्समध्येही लॉगिनच्या चौकोनावर टिचकी मारली की तेच पासवर्ड समोर येतात, काहीच हलवायला लागत नाही. पासवर्ड फाइल म्हणून बाहेर काढायची सोय आहे, पण ती फाइल उघडी असते. जो उघडेल त्याला सगळे पासवर्ड साध्या अक्षरांत दिसतात. नेट कॅफेत किंवा झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर ती कधीही उतरवू नका. माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवरही नको. बुकमार्क हलवायचे असतील तर घरच्या कॉम्प्युटरचा रस्ता बरा: तिथल्या क्रोममध्ये त्याच खात्याने लॉगिन करा, कॉम्प्युटरच्या फायरफॉक्समध्ये आयात करा आणि सिंक चालू करून फोनवर आणा. दहा-पंधराच बुकमार्क असतील तर हाताने उघडून परत जपलेले बरे.

आयफोनवाल्यांचं थोडक्यात. आपल्याकडे आयफोनवरचा प्रत्येक ब्राउझर आत ॲपलचं वेबकिट इंजिनच वापरतो, म्हणून तिथल्या फायरफॉक्समध्ये अँड्रॉइडसारखी ॲड-ऑन मिळत नाहीत. एक्स्टेन्शन मिळतात ती सफारीत, आयओएस १५ पासून, म्हणजे २०२१ पासून. ॲप स्टोअरवरून ब्लॉकर उतरवायचा आणि मग सेटिंगमध्ये सफारीच्या ‘एक्स्टेन्शन्स’मध्ये जाऊन तो चालू करायचा. नव्या आयओएसमध्ये सफारीचं सेटिंग ‘ॲप्स’च्या आत गेलंय, त्यामुळे लोकांना सापडत नाही. आणि आयफोनवर डीफॉल्ट ब्राउझर क्रोम करून ठेवला असेल, तर सफारीतल्या ब्लॉकरचा व्हॉट्सॲपच्या लिंकांना उपयोग शून्य. एकतर सफारी डीफॉल्ट ठेवा, नाहीतर ओरियनसारखा ब्राउझर बघा, जो आयफोनवरही क्रोमची आणि फायरफॉक्सची काही एक्स्टेन्शन चालवतो. काही चालतात, काही रुसतात.

"कॉम्प्युटरवरचा यूब्लॉकपण गेला, मग फोनवरचा पण जाणार का?" हे विचारणारे वाढलेत. क्रोमने एक्स्टेन्शनची जुनी पद्धत, मॅनिफेस्ट व्ही२, २०२४ पासून टप्प्याटप्प्याने बंद केली. त्यात यूब्लॉक ओरिजिन अडकलं आणि कॉम्प्युटरच्या क्रोममध्ये त्याच्या जागी ‘लाइट’ आवृत्ती सुचवली जाते. फायरफॉक्सने जुनी पद्धत चालू ठेवली आहे, फोनवरही. त्यामुळे फोनवरच्या फायरफॉक्समधल्या यूब्लॉकला यातून धक्का बसलेला नाही.

एप्रिल-मेमध्ये आणखी एक तक्रार वाढते, की एक्स्टेन्शन टाकल्यापासून फोन स्लो झाला. बाहेर बेचाळीस अंश, फोन मोटारसायकलच्या हँडलला लावलेला, चार्जिंगही चालू. तापलेला फोन स्वतःचा वेग कमी करतो, त्यात ब्लॉकरचा काही दोष नाही. सावलीत नेऊन दहा मिनिटं ठेवा, मग परत बघा. तरी स्लो वाटला तर डार्क रीडर बंद करून बघा. सगळी पानं काळी करायला त्याला बरीच मेहनत पडते, आणि स्वस्त फोनवर ती जाणवते.

राहिले दोन जीबी रॅमचे जुने फोन, ज्यांच्यावर फायरफॉक्स टाकला की व्हॉट्सॲप पण अडखळतं. एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यातल्या कामगारांकडे असे फोन पुष्कळ दिसतात. त्यांना मी एक्स्टेन्शनच्या नादी लावत नाही. अँड्रॉइड ९ किंवा पुढचं असेल तर सेटिंगमध्ये नेटवर्कच्या भागात ‘प्रायव्हेट डीएनएस’ असतं. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा. तिथं होस्टनेम निवडून ‘डीएनएस डॉट ॲडगार्ड-डीएनएस डॉट कॉम’ (dns.adguard-dns.com) असं इंग्रजी छोट्या अक्षरांत, मोकळी जागा न सोडता टाकायचं, दोन शब्दांमध्ये आडवी रेघ तेवढी विसरायची नाही. जाहिरात पुरवणाऱ्या पत्त्यांकडे फोन जातच नाही, त्यामुळे क्रोममध्ये आणि बऱ्याच ॲपमध्येही जाहिराती कमी होतात. यूट्यूबच्या जाहिराती याने थांबत नाहीत, कारण त्या व्हिडिओबरोबर त्याच पत्त्यावरून येतात. आणि स्टेशनवर किंवा दवाखान्यात लॉगिन मागणारं वायफाय जोडताना नेटच येईना, किंवा बँकेचं ॲप ‘कनेक्शन नाही’ म्हणू लागलं, तर याच जागी जाऊन ‘ऑटोमॅटिक’ निवडा, काम उरका आणि मग होस्टनेम परत टाका.